मरियेच्या मुखावरचा शिक्का : नाताळची टपाल तिकिटे आणि चित्राचा धर्म

१ नोव्हेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने पाच सेंटांचे एक तिकीट काढले. प्रकाशनासाठी निवडली होती मिशिगन राज्यातील एक लहानशी वस्ती, जिचे नावच ‘ख्रिसमस’. तिकिटावर मांडीवर बाळ येशू घेऊन बसलेली मरिया आणि तिच्या हाती उघडे पुस्तक. मूळ चित्र हान्स मेमलिंग या फ्लेमिश चित्रकाराचे, साधारण १४८० च्या सुमाराचे. तिकिटाच्या एक अब्जाहून अधिक प्रती छापल्या गेल्या, आणि या बोटभर कागदावरून टपाल खाते न्यायालयात खेचले गेले.

आजचा थ्रेड त्या तिकिटाचा आणि त्यामागोमाग आलेल्या तिकिटांचा. प्रश्न वरवर साधा आहे. प्रार्थनेसाठी काढलेले चित्र कलादालनाच्या भिंतीवर टांगले की ते कशाचे चित्र उरते? आणि तेच चित्र सरकारने छापून घरोघर पाठवले, तर सरकार कलेचा गौरव करते की एका धर्माचा?

प्रथम थोडी पार्श्वभूमी. नाताळसाठी खास तिकीट काढण्याची कल्पना अमेरिकेची नव्हे. हंगेरीने १९४३ मध्ये ख्रिस्तजन्माची दृश्ये असलेली तिकिटे काढली होती. ऑस्ट्रेलियाने १९५७ पासून नाताळची तिकिटे सुरू केली. न्यूझीलंडने १९६० मध्ये रेम्ब्रांटचे, १९६१ मध्ये ड्यूररचे आणि १९६३ मध्ये टिशनचे चित्र वापरले. या देशांत कोणी फारसे बिचकले नाही. ब्रिटनची राणी स्वतःच तिथल्या चर्चची प्रमुख; तिचे नाव घेणाऱ्या टपाल खात्याला मरिया छापताना कसला संकोच?

अमेरिकेची गोष्ट वेगळी होती. तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार काँग्रेसला कोणताही धर्म प्रस्थापित करता येत नाही. त्यामुळे १९६२ मध्ये पहिले नाताळ तिकीट निघाले तेव्हा खात्याने फार सावध पाऊल टाकले : दारावर लटकवलेले हिरव्या पानांचे कडे, शेजारी दोन मेणबत्त्या आणि ‘ख्रिसमस १९६२’ एवढीच अक्षरे. ना गोठा, ना तारा, ना बालक. लोकांना मात्र तेवढेही पुरले. सुरुवातीला ३५ कोटी तिकिटांची मागणी नोंदवली होती. ती संपली, सरकारी छापखाना रात्रंदिवस चालवावा लागला आणि अखेरीस आकडा ८६ कोटींच्या घरात गेला.

तारखांची एक जुळणी इथे लक्षात घ्यावी. त्याच वर्षी २५ जून रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एंगल विरुद्ध व्हिताले या खटल्यात सरकारने रचलेली प्रार्थना सरकारी शाळांत म्हणवून घेणे घटनाबाह्य ठरवले होते. पुढच्या वर्षी शाळेतील बायबल पठणही त्याच वाटेने गेले. एका हाताने सरकार वर्गातून प्रार्थना बाहेर काढत होते आणि दुसऱ्या हाताने लिफाफ्यावर नाताळ चिकटवत होते. म्हणून पुढची तीन वर्षे विषय जपूनच निवडले गेले. १९६३ मध्ये व्हाइट हाउसजवळचे नाताळ वृक्षाचे दृश्य, १९६४ मध्ये चार वनस्पती. १९६५ मध्ये कर्णा फुंकणारा देवदूत आला खरा, पण तो छपरावरच्या वातकुक्कुटाच्या रूपात, म्हणजे लोककलेचा नमुना म्हणून. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पत्र्याच्या देवदूतावर कोण आक्षेप घेणार?

१९६६ चे मेमलिंग हे म्हणूनच मोठे धाडस होते. खात्याच्या बाजूचा आधार मात्र तोच राहिला : ही कला आहे. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे, म्हणजे ते राष्ट्राच्या कलासंग्रहातले आहे. नामांकित कलाकृती तिकिटावर छापण्यात धर्माचा प्रचार कसला?

आक्षेप घेणारी संस्था कोण होती, हे पाहिले की गोष्ट अधिक रंगते. नाव लांबलचक : ‘प्रॉटेस्टंट्स अँड अदर अमेरिकन्स युनायटेड फॉर सेपरेशन ऑफ चर्च अँड स्टेट’. स्थापना १९४७ ची. कॅथलिक शाळांना सरकारी पैसा मिळेल, या भीतीतून ती जन्मली होती. तिचे म्हणणे असे की मरियेचे हे रूप सगळ्या ख्रिस्ती लोकांचेही नाही, ते विशेषतः कॅथलिक भक्तीचे आहे. मरियेच्या हातातले पुस्तकही त्याच उपासनेची खूण आहे. आणि सरकारने ते छापणे म्हणजे एका पंथाच्या पारड्यात वजन टाकणे.

कलासमीक्षेच्या दृष्टीने पाहिले तर वादींचे वाचन खात्याच्या वाचनापेक्षा अचूक होते, असे माझे मत आहे. मेमलिंगने ते चित्र कोणा संग्रहालयासाठी काढलेले नव्हते. दोन फुटांहूनही कमी उंचीची ती फळी, समोर गुडघे टेकून बसणाऱ्या माणसासाठी होती. दोन बाजूंना देवदूत, मध्ये सिंहासनस्थ माता, तिच्या मांडीवर बालक : ही रचना दर्शनाची आहे. पंधराव्या शतकातील ब्रूज शहरात असे चित्र घरी आणणारा माणूस आधी त्यापुढे प्रार्थना करी, मग, जमले तर, रंगांचे कौतुक करी.

योगायोग पाहा. मेमलिंगच्या त्याच प्रदेशात, नेमक्या ४०० वर्षांपूर्वी, ऑगस्ट १५६६ मध्ये मूर्तिभंजनाची लाट उसळली होती. सुधारणावादी जमावांनी चर्चमध्ये घुसून मूर्ती फोडल्या, वेदीवरची चित्रे फाडली; अँटवर्पचे कॅथेड्रल उद्ध्वस्त झाले. गेंटमधील व्हान आयक बंधूंचे प्रसिद्ध वेदीचित्र वाचले ते केवळ मनोऱ्यात लपवल्यामुळे. त्या जमावाचा आक्षेप काय होता? मरियेची प्रतिमा भक्ताला देवापासून दूर नेते. १९६६ च्या आक्षेपाला वकिली भाषा होती, दगड नव्हते. राज्यघटनेचा मुद्दा स्वतंत्र आणि खरा होता, तो मी कमी लेखत नाही. तरी त्या वादाखाली एक जुनी ठिणगी धुमसत होती, असे म्हणायला जागा आहे.

आणि खात्याने काय केले? पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, तेच चित्र पुन्हा काढले, या वेळी मोठ्या आकारात. प्रकाशनस्थळ : जॉर्जिया राज्यातील बेथलेहेम. नोकरशाहीच्या हट्टाचे इतके देखणे उदाहरण विरळाच. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने १९६७ मध्ये दावा फेटाळला, प्रकरण अपिलात गेले. पण तिकिटे थांबवण्याचा आदेश वादींना कोठेही मिळाला नाही.

आता १९६८. या वर्षीच्या सहा सेंटांच्या तिकिटावर यान व्हान आयक याच्या ‘अनन्सिएशन’ या चित्रातील गाब्रिएल देवदूत होता. या चित्राची गोष्ट स्वतंत्र थ्रेडच्या योग्यतेची आहे; इथे आवश्यक तेवढीच सांगतो.

चित्र उंच आणि अरुंद आहे, बहुधा तीन फळ्यांच्या वेदीचित्राची एक बाजू. प्रसंग असा : देवदूत मरियेला येऊन सांगतो की तुझ्या पोटी ईश्वरपुत्र जन्म घेईल. देवदूताच्या मुखातून निघालेली लॅटिन अक्षरे सरळ लिहिली आहेत. मरियेचे उत्तर मात्र उलटे लिहिले आहे, अक्षरे डोक्यावर उभी. कारण ते उत्तर आपल्यासाठी नाहीच. वरून उतरणाऱ्या कबुतराला, म्हणजे पवित्र आत्म्याला, ते वाचता यावे. पाहणाऱ्या माणसाला जाणूनबुजून वगळणारे चित्र मी दुसरे पाहिलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र रशियाच्या झारकडे गेले आणि सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहात राहिले. पुढे क्रांती झाली. पंचवार्षिक योजनेसाठी परकीय चलन हवे म्हणून सोव्हिएत सरकारने १९३० आणि १९३१ मध्ये हर्मिटाजमधील अनेक उत्तमोत्तम चित्रे गुपचूप विकली. घेणारा होता अँड्र्यू मेलन, अमेरिकेचा तत्कालीन अर्थमंत्री आणि पिट्सबर्गचा धनाढ्य बँकर. त्याने २१ चित्रे घेतली. त्यांत राफाएलची ‘आल्बा मडोना’ होती आणि व्हान आयकचे हे चित्रही. नंतर त्याने आपला संग्रह राष्ट्राला दिला. १९३७ मध्ये काँग्रेसने देणगी स्वीकारली, १९४१ मध्ये नॅशनल गॅलरी उघडली. मेमलिंगही त्याच देणगीतला.

म्हणजे नास्तिक राज्याने यंत्रसामग्रीसाठी विकलेले वेदीचित्र भांडवलशाही राज्याच्या संग्रहालयात ‘कला’ झाले, आणि शीतयुद्ध ऐन भरात असताना तिकिटावर येऊन नाताळच्या शुभेच्छा वाहू लागले. प्रत्येक मुक्कामावर चित्र तेच होते. किंमत बदलली, नाव बदलले, त्याच्यासमोर उभे राहण्याची रीत बदलली.

तिकिटावर गाब्रिएल एकटाच दिसतो. मरिया चौकटीबाहेर राहिली. खटल्याच्या धास्तीने तिला कापले, असे मी म्हणणार नाही. उंच चित्रातून तिकिटाएवढा तुकडा काढायचा तर काहीतरी सुटणारच. पण परिणाम विचित्र आहे. निरोप्या आहे, निरोप ऐकणारी नाही. तिचे ते उलटे उत्तरही गेले.

१९६९ मध्ये धर्म पूर्ण बाजूला ठेवून बर्फाच्छादित गावाचे दृश्य निघाले. आणि १९७० मध्ये खात्याला अखेर व्यवहारी तोड सापडली : एका वर्षी दोन प्रकार. एकीकडे लोरेन्झो लोत्तोचे ‘ख्रिस्तजन्म’, दुसरीकडे जुनी खेळणी. ज्याला जे हवे ते त्याने खिडकीवर मागावे. पुढे या जोडीला ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’ अशी नावे पडली. ‘धार्मिक’ हा शब्द कटाक्षाने टाळला गेला, हे ध्यानात घ्या. पंधराव्या शतकातील वेदीचित्र ‘पारंपरिक’ आणि सांताक्लॉज ‘समकालीन’!

मग दरवर्षी एकेक नाव येत गेले. १९७१ मध्ये जोर्जोने, १९७३ मध्ये राफाएल, १९७५ मध्ये गिर्लांदायो, १९८१ मध्ये बोत्तिचेल्ली, १९८४ मध्ये फिलिप्पो लिप्पी. यांपैकी १९७५ चे तिकीट संग्राहकांना एका वेगळ्याच कारणासाठी ठाऊक असते : छपाईच्या वेळी टपालदर किती होणार हे ठरलेले नव्हते, म्हणून त्यावर किंमतच छापलेली नाही. १९७१ च्या तिकिटात तर एक गंमत दडली आहे. ‘मेंढपाळांचे वंदन’ हे चित्र जोर्जोनेचे की तरुण टिशनचे, यावरून १९३७ च्या सुमारास कलाव्यापारी जोसेफ डुव्हीन आणि समीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांचे जुने व्यावसायिक नाते तुटले होते. टपाल खात्याने खाली ‘जोर्जोने’ छापून टाकले. कलेतिहासातला वाद टपाल खाते मिटवते, हे दृश्य आम्हा विद्यार्थ्यांना सुखावणारे आहे.

इतका वेळ दोन उत्तरे आपल्यासमोर आली : हे चित्र म्हणजे कला, आणि हे चित्र म्हणजे उपासना. तिसरे उत्तर याच काळात समुद्रापार तयार होत होते : हे चित्र म्हणजे माल.

१९६० च्या दशकात आखातातील अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन अशा छोट्या शेखराज्यांनी परदेशी दलालांशी करार केले. दलाल तिकिटे छापत, जगभरच्या संग्राहकांना विकत आणि राज्याला हिस्सा देत. त्यांत प्रबोधनकालीन मडोनांच्या रंगीत मालिकाही होत्या. जिथे वस्ती मुसलमानांची आणि पत्रव्यवहार मूठभर, त्या राज्यांच्या नावाने मरिया छापली जात होती, आणि त्यातली बहुतेक तिकिटे त्या वाळूवर कधी उतरलीच नाहीत. संग्राहक या साऱ्यांना उपहासाने ‘ड्यून्स’, वाळूच्या टेकड्या, म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या अल्बमांत, दहा पैशांच्या मिश्र पाकिटांतून आलेली ही चकचकीत तिकिटे हमखास सापडतात. डिसेंबर १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीची स्थापना झाली आणि हा धंदा आटोपला.

याच धंद्यातला एक अमेरिकन व्यापारी होता फिनबार केनी. त्याचा करार पॅसिफिकमधील कुक आयलंड्सशीही होता. जेमतेम वीस हजार लोकसंख्येच्या या बेटांनी १९६६ पासून युरोपीय चित्रांची नाताळ तिकिटे काढली, आणि तिकीटविक्री हे तिथल्या सरकारचे महत्त्वाचे उत्पन्न बनले. १९७८ च्या निवडणुकीत पंतप्रधान अल्बर्ट हेन्री यांच्या पक्षाने न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मतदारांना विमाने भरून आणले. त्या विमानांचा पैसा तिकिटांच्या व्यवहारातून आला होता. न्यायालयाने तो निकाल उलटवला, हेन्री पायउतार झाले, पुढे त्यांची ‘सर’ ही पदवीही काढून घेतली गेली. केनीच्या कंपनीवर १९७९ मध्ये अमेरिकेत खटला झाला. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धच्या १९७७ च्या कायद्याखालील तो पहिला फौजदारी खटला मानला जातो. कंपनीने गुन्हा कबूल केला. नाताळच्या मडोना ज्या गल्ल्यात नाणी टाकत होत्या, त्याच गल्ल्यातून मतदारांच्या विमानांचे भाडे निघाले.

पुन्हा अमेरिकेकडे येऊ, कारण १९९४ मध्ये तिथे नाटकाचा दुसरा अंक झाला. त्या वर्षाच्या अखेरीस बातमी आली की १९९५ च्या तिकिटावर मडोना नसेल, तिच्या जागी व्हिक्टोरियन शैलीतला देवदूत येईल. लोक खवळले. काही दिवसांतच पोस्टमास्टर जनरल मार्विन रनियन यांनी निर्णय फिरवला, आणि १९९५ मध्ये जोत्तोची मडोना निघाली. देवदूतालाही त्या वर्षी वेगळे तिकीट मिळाले.

या दुसऱ्या अंकात पात्रांची भाषा पूर्ण बदलली होती. १९६६ मध्ये मडोनाचे समर्थक म्हणत होते की ही केवळ कला आहे. केवळ कला असती, तर एका वर्षी जोत्तोऐवजी दुसरे चित्र आले म्हणून कोणाचे काय बिघडले असते? संताप झाला तो नाताळातून ख्रिस्त काढला जातोय म्हणून. तीस वर्षांपूर्वीच्या वादींचे म्हणणे, उशिरा आणि नकळत, समर्थकांनीच खरे ठरवले.

मराठी वाचकाला हा उलटा प्रवास ओळखीचा वाटावा. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून बाहेर पडलेल्या लक्ष्मी-सरस्वती चित्र म्हणून छापल्या गेल्या आणि घरोघरच्या देवघरांत देव झाल्या. मेमलिंगची मरिया देवघरातून निघून चित्र झाली आणि तिकिटावरून पुन्हा घरात शिरली. आणि छापील देवाची अडचणही आपल्याला नवी नाही. अगरबत्तीच्या पुड्यावरचा गणपती, लग्नपत्रिकेवरची कुलदेवता, जुन्या कॅलेंडरवरचा विठोबा : काम झाल्यावर यांचे करायचे काय? कोणी झाडाच्या पारावर ठेवतो, कोणी वाहत्या पाण्यात सोडतो. तिकिटाचे तर कामच शिक्का खाण्याचे. मरियेच्या मुखावर काळ्या शाईची वर्तुळे उमटल्याशिवाय टपाल पुढे सरकत नाही. नॅशनल गॅलरीत चित्राजवळ बोट नेले तरी पहारेकरी पुढे येतो. टपाल कचेरीत तिच्यावर दिवसाला लाखो घाव पडत.

पुढील काळात अमेरिकेने इतर सणांनाही तिकिटे दिली. १९९६ मध्ये हनुक्का, १९९७ मध्ये क्वान्झा, १ सप्टेंबर २००१ रोजी ईद. नाताळच्या ‘पारंपरिक’ तिकिटाचे क्षेत्रही इटली आणि फ्लँडर्सपलीकडे सरकले : २००६ मध्ये इग्नासिओ चाकोन या पेरूतील चित्रकाराची मरिया आली, २०२० मध्ये कुस्को शैलीतली ‘अवर लेडी ऑफ ग्वापुलो’.

या सगळ्या तिकिटांना एका रांगेत मांडून पाहा. हनुक्काच्या तिकिटावर मेणबत्त्यांची दाणी आहे. ईदच्या तिकिटावर मोहम्मद झकारिया यांचे सोनेरी अरबी सुलेखन आहे. ज्यू आणि इस्लामी परंपरा मुळातच प्रतिमेपासून दूर राहतात, तेव्हा ते स्वाभाविक आहे. पण दिवाळीचे काय? आपल्याकडे तर प्रतिमांना तोटा नाही. अमेरिकेतील भारतीयांनी दिवाळीच्या तिकिटासाठी कित्येक वर्षे अर्ज-विनंत्या केल्या. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते तिकीट निघाले. त्यावर सोनेरी पार्श्वभूमीवर तेवणारी एक पणती आहे. लक्ष्मी नाही.